कयाकची सफर वारा आणि पाणी पाहून ठरवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर, ज्याला आता सगळेच बॅकवॉटर म्हणतात, कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद नाव) आणि तंबूतल्या मुक्कामाच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. दोन दिवस, एक रात्र, सोबत वाटाड्या, जेवणासकट. अंभोऱ्याचा पूल, पाच नद्यांचा संगम, थंडीत उतरणारे पट्टकदंब आणि चक्रवाक हे कयाकमधून पाहण्यासारखे आहेच. इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे पाखरे लगेच उडत नाहीत. या सफरी व्हाव्यात, वाढाव्यात आणि काठच्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, पोरांच्या हाताला त्यातून काम मिळावे, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत. सध्या सफर ठरते ती बुकिंग किती आले यावरून. ती ठरायला हवी त्या दिवशीचा वारा आणि धरणाची पातळी पाहून. हे कसे पाहायचे आणि पाहुण्यांनी निघण्याआधी काय तपासायचे, ते आपल्या दैनिकातून गावोगाव पोहोचावे.

नावेचे अपघात विदर्भाला नवे नाहीत. ९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरे बुडाली. १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीने ११ जणांना नेले. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया वैनगंगेत गेल्या. यातले कुणीही कयाकवर नव्हते. पण पाण्याला डोंगा काय आणि कयाक काय, सारखेच. अंगावर तरंगते काही नसेल तर काठापासून पन्नास हातांवरही माणूस जातो.

आधी वाऱ्याचे बोलू, कारण सगळे तिथूनच बिघडते.

गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, कितीही वारा सुटला तरी लाट गुडघ्याच्या वर येत नाही. तोच वारा फुगवट्यावर आला की त्याला धावायला जागा मिळते. मोकळ्या पाण्यावरून तो जितका लांबून येईल तितकी लाट वाढते. आपली वैनगंगा इथे साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेली आहे आणि हिवाळ्यात वाराही बहुधा उत्तर-ईशान्येचाच असतो, म्हणजे पाण्याच्या लांबीला धरूनच वाहतो. समुद्राची लाट लांब आणि सुस्त असते, तिच्यावर कयाक चढते-उतरते. जलाशयाची लाट आखूड आणि उभी असते. एका लाटेतून टोक वर येते न येते तोच दुसरी अंगावर आदळते. समुद्रावर वल्हे मारून आलेला माणूसही इथे पहिल्यांदा चकतो तो यामुळेच.

वारा मोजायचे यंत्र नसले तरी पाणी सांगते. ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या वाऱ्यात लाटांच्या माथ्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसू लागतो. २० ते २८ च्या वाऱ्यात जिकडे पाहावे तिकडे फेस असतो. नवखे पाहुणे सोबत असतील तर कुठे कुठे पांढरे दिसताच काठाकडे वळायचे, आणि सगळीकडे पांढरे असेल तर पाण्यात उतरायचेच नाही. भाडे परत करावे लागले तरी चालेल.

सकाळी पाणी आरशासारखे असते आणि साहजिकच सगळ्यांना वाटते की दिवसभर असेच राहील. ऊन चढले की दहा-अकराच्या पुढे वारा उठतो, दुपारी सर्वांत जास्त असतो आणि दिवस कलला की पडतो. म्हणून दिवसाचा मोठा पल्ला सकाळी दहाच्या आत मारायचा. आणि सकाळी जाताना उत्तरेकडे, वाऱ्याला तोंड देत जायचे, म्हणजे परत येताना वारा पाठीशी राहतो. याच्या उलट केले की काय होते याचा हिशेब सोपा आहे. नवख्यांचा गट निवांत वल्हवत ताशी चार किलोमीटर जातो, पाठीला वारा असेल तर त्याहून जास्त. दक्षिणेकडे आठ किलोमीटर दोन तासांच्या आतच कापले जातात आणि सगळे खुशीत असतात. दुपारी परत निघाले की समोरच्या वाऱ्यात वेग निम्म्यावर येतो. तेच आठ किलोमीटर चार तास घेतात, खांदे भरून येतात, आणि डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास तर सूर्यच मावळतो. अंधारात, थकलेल्या अवस्थेत, बुडालेल्या झाडांच्या खुंटांमधून वाट काढणे ही सफर राहत नाही. शिवाय दक्षिणेकडे धरणाची भिंत आणि ३३ दरवाजे आहेत. तिकडच्या बंदी असलेल्या पट्ट्याकडे नाक करून दमलेला गट कधीच असू नये.

धुके हा वेगळाच प्रकार. डिसेंबर-जानेवारीत कधी कधी काठ दहा वावांवरही दिसत नाही. अशा वेळी थांबायचे, चहा घ्यायचा. ऊन पडले की धुके आपोआप निवळते. मार्चनंतर मात्र दुपारचा भरवसा नाही. आभाळ स्वच्छ असते आणि चार वाजता एकाएकी वावधन उठते, धुळीची भिंत येते, पाठोपाठ वीज. उन्हाळ्यात सफर करायचीच तर पहाटे निघून नऊच्या आत काठाला लागावे. पावसाळ्यात या पाण्यावर कयाक नको, याबद्दल दुमत असू नये.

आता नाव. कयाक म्हणून जे विकले जाते त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक ठिकाणी दिसते ती वर बसायची, दहा-बारा फूट लांब, भोके असलेली प्लास्टिकची कयाक. काठाच्या जवळ तासाभराच्या फेरीसाठी ती उत्तम. उलटली तरी पाणी साचत नाही, वर चढता येते. पण ती रुंद आणि बसकी, वाऱ्यात सरळ चालत नाही, आणि दोन दिवसांचे सामान ठेवायला तिच्यात बंद जागा नाही. तंबू, स्वयंपाकाचा गंज, तांदूळ असे सगळे मागे दोरीने बांधून तिला मुक्कामी नेले की वजन वर जाते आणि ती डुलायला लागते.

मुक्कामाच्या सफरीला समुद्रावर वापरतात तशी लांब कयाक लागते. १६ ते १८ फूट लांब, साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद, आत बसायची, आणि पुढे-मागे दोन आडभिंती असलेली. या आडभिंतींमुळे पुढचे आणि मागचे कप्पे बंद राहतात. उलटली तर पाणी फक्त बसायच्या जागेत शिरते, टोके तरंगत राहतात. आत बसायची पण आडभिंत नसलेली स्वस्त कयाकही बाजारात मिळते. दिसायला तशीच. ती भरली की आत दोनशे लिटरहून जास्त पाणी मावते, म्हणजे दोनशे किलो, आणि भर पाण्यात ती रिकामी करणे कुणालाही शक्य नसते. खरेदी करणाऱ्या ग्रामपंचायती, बचतगट आणि खासगी मंडळींनी हे एवढे एक तरी पाहावे. झाकण उघडून आत हात घाला, बसायच्या जागेच्या मागे भिंत लागते का बघा. नसेल तर ती आपल्या पाण्याची नाव नव्हे.

आपल्याकडे फायबरपेक्षा पॉलिथिनची बरी. छतावरची पाण्याची टाकी ज्या प्लास्टिकची असते, साधारण तेच हे. खुंटावर घासली तर ओरखडा पडतो, फुटत नाही. पण विदर्भाचे ऊन तिला सोसत नाही. एप्रिलच्या उन्हात दोरीने आवळून ठेवलेली कयाक दोरीच्या जागी दबते आणि बुडाला खळगा पडतो. सावलीत, कुशीवर ठेवावी. आणि काठावर असताना कप्प्यांची झाकणे उघडी ठेवावीत. बंद कप्प्यातली हवा उन्हात तापून फुगते. तशीच नाव थंड पाण्यात ढकलली की हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. सगळी झाकणे नीट लावली होती तरी कप्प्यात लिटरभर पाणी कसे आले, हा प्रश्न काठावर नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर हे.

एक बारीकशी वस्तू मात्र सगळ्यांनी हातात घेऊन पाहावी. वर बसायच्या कयाकच्या मागच्या टोकाला पाणी काढायचे एक बूच असते, बाटलीच्या झाकणाएवढे. रेती अडकून त्याचे आटे झिजतात. मग कुणी चिंधी कोंबते, कुणी एम-सील थापते. काठावर सगळे ठीक दिसते. मधोमध गेल्यावर आत थेंब थेंब पाणी भरत जाते. ते वरून दिसत नाही, फक्त नाव जड लागू लागते, मागे बसते आणि अर्ध्या तासात किरकोळ लाटेलाही कलंडते. बसण्याआधी रिकामी कयाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा आणि कान द्या. आत डुचमळल्याचा आवाज आला तर ती नाव नाकारा.

लाइफ जॅकेट मिळते सगळीकडे, पण काय मिळते ते पाहावे लागते. आतला फोम जुना झाला की चपटा होतो, उन्हाने कापड विटते, पट्ट्याचे बक्कल तुटलेले असते आणि तिथे गाठ मारलेली असते. कयाकसाठी प्रौढ माणसाला किमान ५० न्यूटनचे जॅकेट लागते, म्हणजे पाण्यात साधारण पाच किलो वजन उचलून धरणारे. न पोहणाऱ्यासाठी याहून जास्त, १०० न्यूटनचे घ्यावे. ढोबळ अंदाज घ्यायचा असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. किराणा दुकानातले पाच किलोचे लोखंडी माप जॅकेटला बांधून ते पाण्याच्या हौदात रात्रभर ठेवा. सकाळी तरंगताना दिसले तर ठीक. तळाशी गेले असेल तर ते जॅकेट शेतातल्या बुजगावण्याला घाला.

अंगात घातल्यावर सगळी बक्कले लावून, पट्टे आवळून, दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगावे. कानापर्यंत सरकले तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. लहान मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि फोटोपुरते घातलेले, समोरून उघडे सोडलेले जॅकेट नसल्यासारखेच आहे. ऊन लागते म्हणून डोक्या-तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळायची आपली सवय आहे. पाण्यावर दुपट्टा नको. भिजला की तोंडाला चिकटतो, श्वास कोंडतो. काठ असलेली टोपी, नाडीने हनुवटीखाली बांधलेली, हेच बरे. जीन्सही नको. भिजलेली जीन्स वाळत नाही आणि थंडीत अंगातली ऊब खाते.

वाटाड्याबद्दल आमचे मत ठाम आहे. पोहता येणारा तो वाटाड्या, ही समजूत चुकीची आहे. या पाण्याखाली गावे आहेत. कुठे आमराईचे खुंट उभे आहेत, कुठे विहिरीची जोती, कुठे जुन्या रस्त्याचा भराव. जसजसे पाणी सिंचनासाठी सुटते आणि पातळी उतरते, तसतसे जे खुंट डिसेंबरात चार हात खोल होते ते फेब्रुवारीत वीतभर खाली येतात. वरून काही दिसत नाही, फक्त शांत पाण्यात बारीकशी भोवऱ्यासारखी घडी पडते. ती घडी ज्याच्या नजरेला सवयीने कळते तो काठचा ढिवर. जाळी कुठे लावली आहेत, बाटल्यांचे आणि थर्माकोलचे तरंगते तुकडे म्हणजे कुणाचे जाळे, ते कोणत्या बाजूने ओलांडायचे, हेही त्यालाच ठाऊक. शहरातून प्रमाणपत्र घेऊन आलेला मुलगा बचाव शिकलेला असतो, पण त्याला हे पाणी ठाऊक नसते. काठच्या पोराला पाणी ठाऊक असते, पण कयाकचा बचाव त्याने शिकलेला नसतो. दोन्ही एकाच माणसात हवे, आणि काठच्या पोराला बचाव शिकवणे हे शहरातल्या पोराला पाणी शिकवण्यापेक्षा कितीतरी लवकर होते. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचे शिक्षण मिळते. मच्छीमार सोसायट्यांनी आपली चार-चार पोरे तिथे पाठवावीत.

नवख्या सहा पाहुण्यांमागे दोन वाटाडे, याहून कमी नको. एक पुढे, एक सर्वांत मागे. पुढचा वेग ठरवतो, मागचा कुणाला मागे टाकत नाही. दोन नावांत हाक ऐकू जाईल एवढेच अंतर. वारा असेल तर हाक ऐकू जात नाही, म्हणून प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी हवी. एक शिट्टी म्हणजे माझ्याकडे पाहा, तीन म्हणजे मदत. वल्हे उभे धरले की इकडे या, डोक्यावर आडवे धरले की आहात तिथे थांबा. मागच्या वाटाड्याच्या कमरेला दहा-पंधरा मीटरची ओढायची दोरी, तीही एका झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याची. गाठ मारलेली दोरी ओढणाऱ्यालाच बुडवते. दोघांकडेही पटकन हाताला येईल असा चाकू हवा, कारण सुकाणू जाळ्यात अडकले तर जाळे ओढून सुटत नाही, उलट आवळते. जाळे कापावे लागले तर ज्याचे आहे त्याला गाठून भरपाई द्यावी. तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

निघण्याआधी, काठालगत कमरेएवढ्या पाण्यात, प्रत्येक पाहुण्याला एकदा मुद्दाम उलटवावे. यात कुणी लाजू नये. आत बसायच्या कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती रबरी घेराचा स्प्रे-स्कर्ट असतो. तो न काढता आल्याने माणूस घाबरतो. पद्धत अशी: उलटताच पुढे वाकायचे, नाक जवळजवळ नावेला लागेल इतके. हात पुढे सरकवत स्कर्टचा पुढचा कडा शोधायचा, तो आधी पुढे आणि मग वर ओढायचा. मग दोन्ही हात कमरेच्या बाजूंना टेकवून विजार काढावी तसे स्वतःला बाहेर ढकलायचे. बाहेर आल्यावर नाव सोडायची नाही. एकट्याने काठाकडे पोहत निघणे ही सर्वांत मोठी चूक. काठ दिसतो त्याहून लांब असतो, आणि पाण्यातले एकटे डोके लाटांत कुणाला दिसत नाही, नाव दिसते.

त्यानंतरचे काम वाटाड्याचे. तो आपली नाव उलटलेल्या नावेच्या टोकाशी काटकोनात आणतो. ते टोक उचलून आपल्या नावेवर ओढतो, तशी बसायच्या जागेतले पाणी आपसूक ओघळून जाते. मग नाव सुलटी करून आपल्या शेजारी समांतर लावतो आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवतो. पाण्यातला माणूस मागच्या बाजूने, पाय वर झटकत, पोटावर चढतो, पाय आत सरकवतो आणि मग वळून बसतो. सराव असेल तर हे सगळे दोन-तीन मिनिटांत होते. सराव नसेल तर दहा मिनिटांत दुसरी नावही उलटते. म्हणून पाहुण्यांनी वाटाड्याला सरळ विचारावे: निघण्याआधी एकदा करून दाखवा. जो टाळाटाळ करेल त्याच्यासोबत जाऊ नका.

सामानाबाबत थोडक्यात. जड वस्तू खाली आणि बसायच्या जागेलगत, हलक्या टोकांकडे, आणि डावे-उजवे वजन सारखे. आठ जणांच्या दोन दिवसांना पाणी माणशी रोज पाच लिटर धरा, स्वयंपाकासकट. ते ८० लिटर होते. पाच लिटरच्या सोळा कॅन, म्हणजे माणशी दोन. फुगवट्याचे पाणी उकळूनही पिऊ नये. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथे येते. उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. जलपर्णीचे हिरवे तराफे दिसतात तेही याच घाणीवर पोसलेले. त्यांतून वल्हे मारत घुसू नये, मुळे सुकाणूला गुंडाळतात. वळसा घालून जावे. जेवायला आठ जणांना रात्री किलोभर तांदूळ आणि अर्धा किलो तुरीची डाळ पुरे होते. मासे सोसायटीच्या माणसाकडून विकत घ्यावेत, गळ टाकून धरू नयेत. मासेमारीचा ठेका त्यांचा आहे.

मुक्कामाची जागा निवडताना पाहुणे पाण्याला लागून, छान दिसणारी जागा मागतात. ती देऊ नये. वर मध्य प्रदेशात पाऊस झाला किंवा वरच्या धरणातून पाणी सुटले की रात्रीतून इथली पातळी वाढू शकते. तंबू पाण्याच्या रेषेपासून किमान तीस पावले दूर आणि दोन मीटर उंचीवर, मुरमाड जागी लावावा. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर नको. वरून वाळलेला दिसतो, खाली गुडघाभर चिखल असतो. संध्याकाळी पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवून ठेवावी. झोपताना एकदा आणि पहाटे एकदा बॅटरी मारून पाहावी. काडी पाण्यात गेली असेल तर सामान वर हलवायचे. नावा ओढून वर आणाव्यात आणि झाडाला बांधाव्यात. रात्रीच्या वाऱ्याने रिकामी कयाक उडत पाण्यात जाते आणि सकाळी पलीकडच्या काठाला सापडते.

झाडाखाली तंबू लावण्याआधी वर पाहावे. ऐन, वड, पिंपळाच्या फांद्यांना आणि पुलांच्या पोटालाही आग्या मोहोळ लोंबते. खाली चूल पेटवली की धूर वर जातो आणि मग पळायला पाणीही पुरत नाही. स्वयंपाक गॅसवर करावा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळ आहे. त्याच्या हद्दीत मुक्काम नाहीच, आणि हद्दीबाहेरही रानडुक्कर, अस्वल, क्वचित वाघ पाण्यावर येतो. उष्टे-खरकटे उघड्यावर ठेवू नये, रात्री शौचाला एकट्याने जाऊ नये. तंबूची चेन कायम लावलेली हवी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येतो आणि त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. घोणस पालापाचोळ्यात असते, म्हणून बूट झटकूनच घालावेत. शौचाला खड्डा करून मोकळे होण्याची रीत डोंगरात ठीक आहे. इथे नाही, कारण आजचा काठ पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली जातो. झाकणाची बादली, तळाशी राख किंवा लाकडाचा भुसा, आणि परत नेऊन गावच्या शौचालयात रिकामी करणे, एवढे प्रत्येक गटाने करावे.

थंडीत एखादा भिजला आणि वाऱ्यात बसून राहिला तर आधी कुडकुडतो, मग बोलताना अडखळतो, मग कुडकुडणे थांबते. बरे वाटतेय असे समजू नका, हीच धोक्याची खूण. ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, गुंडाळून ठेवावे, शुद्धीत असेल तर गोड गरम चहा द्यावा. दारू अजिबात नाही.

आणि बुडालेल्याला बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडे अजूनही होते. यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले फुप्फुसात जाते. श्वास चालू नसेल तर उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. ११२ वर फोन दुसऱ्याने करावा.

दिवाळीच्या सुट्टीत इकडची बरीच मंडळी कोकणात जातात आणि तिथेही कयाक घेतात. तिथला हिशेब आणखी वेगळा. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीच्या तोंडाशी पाणी इतके ओढते की वल्हवून त्याच्या उलट जाता येत नाही. ओहोटी लागल्यावर खाडीतून समुद्राकडे जायचे नाही, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय तर मुळीच नाही. गोसीखुर्दवर जमले म्हणून मालवणला जमेल असे नसते.

राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे. जमीन, पाणी, हवा, कोणत्याही साहसी सफरीसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी त्यात सांगितलेली आहे. पाहुण्यांनी नोंदणीचा कागद मागावा. पण कागदाने लाट थांबत नाही, म्हणून आमच्या दोन मागण्या. जिल्हा प्रशासनाने हंगामाच्या तोंडावर प्रत्येक वाटाड्याची परीक्षा पाण्यावर घ्यावी, नाव उलटवून आणि सुलटी करून. आणि आपल्या दैनिकाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज स्थानिक पानावर गोसीखुर्दची पातळी, किती दरवाजे उघडे आहेत आणि त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज या तीन ओळी छापाव्यात. बाजारभावाच्या शेजारी एवढी जागा निघेल. वाटाड्यांना, डोंग्याने पलीकडच्या शेतावर जाणाऱ्या बायाबापड्यांना आणि मासेमारांना, सगळ्यांनाच ती उपयोगी पडेल.

तोवर सफर नेणाऱ्यांनी एक काम आजपासून करावे. निघताना एका कागदावर गटातल्या सगळ्यांची नावे, कयाकचे रंग, कुठे मुक्काम आणि किती वाजता परत हे लिहून काठच्या गावातल्या पोलीस पाटलाकडे ठेवावे. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात गट आला नाही तर त्यांनी सोसायटीचे डोंगे आणि ११२ दोन्हीकडे कळवावे. परत आल्यावर तो कागद स्वतः जाऊन घ्यावा.

आपले नम्र,
गोसीखुर्द जलाशयाकाठचे काही नावाडी आणि वाटाडे,
ता. पवनी, जि. भंडारा